धुंधराबाईचे पापड आणि ढोम्याचा वर

एका जंगलात नुसती तपश्चर्या चालायची. दुसरं काही नाही. शिकार नाही, लाकूडतोड नाही, मध काढणं नाही. कुठल्याही झाडाखाली पाहावं तर कुणीतरी डोळे मिटून बसलेलं. मुलांनो, तुम्ही मात्र डोळे उघडे ठेवा. मागच्या रांगेत एकजण आत्ताच घोरायला लागलाय, त्याला कोपराने ढोसा.

जंगलाच्या तोंडाशी एक पाटी होती. 'एका पायावर उभे राहणाऱ्यांनी उजवीकडे जावे. उलटे लटकणाऱ्यांनी डावीकडे जावे. तपस्व्यांनी सोबत डबा आणू नये.' पाटीखाली कुणाची सही नव्हती, पण सगळे ती पाळत. तपस्वी मंडळी पाट्यांना फार मानतात.

या जंगलातली वाळवीही शिस्तीची होती. जो तीन महिने जागचा हलला नाही, त्याच्याभोवती ती वारूळ बांधून देई. मागावं लागत नसे. काम चोख आणि वेळेवर.

जंगलाच्या कडेला धुंधराबाई नावाची एक राक्षसीण राहायची. दात जरा पुढे, आवाज जरा मोठा, बाकी तुमच्या-आमच्या घरातल्यासारखीच बाई. उन्हाळा आला की ती पापड करायची. जंगलाच्या मधोमध एक मोठा सपाट कातळ होता. साऱ्या जंगलात ऊन पडायचं ते तेवढ्याच जागी. तिथे ती पापड वाळत घालायची. हा कातळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धुंधराबाईला एकच मुलगा. त्याचं नाव ढोमासुर. ती त्याला ढोम्या म्हणायची.

आता राक्षसांच्या घरची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. मुलगा मोठा झाला की त्याने तपश्चर्येला बसायचं. देव प्रसन्न झाला की वर मागायचा. वर मिळाला की गदा घेऊन स्वर्गावर चालून जायचं. आणि तिथे मरायचं. हे शेवटचं कुणी ठरवलेलं नव्हतं, पण दर वेळी तसंच व्हायचं. कारण प्रत्येक वरात एक पळवाट राहून जायची, आणि देवांचं सगळं शिक्षण पळवाटा शोधण्यातच झालेलं असतं.

ढोम्याच्या पणजोबांनी वर मागितला, "मला पाण्यात मरण नको आणि कोरड्या जमिनीवर मरण नको." देवांनी त्यांना चिखलात गाठलं.

आजोबांनी मागितलं, "कुठल्याही शस्त्राने मरण नको." स्वर्गाच्या वाटेवर त्यांच्या डोक्यात फणस पडला. फणस हे शस्त्र नाही हे त्यांनाही पटलं, पण तोवर उशीर झाला होता.

ढोम्याचे वडील जरा शिकलेले होते. त्यांनी मागितलं, "देव, दानव, माणूस, जनावर, पक्षी, कुणाच्याही हातून मरण नको." ते थेट स्वर्गाच्या दारापर्यंत पोहोचले. आणि दारच त्यांच्या अंगावर पडलं. दार म्हणजे देव नाही, दानव नाही, जनावर तर नाहीच नाही.

तेव्हापासून धुंधराबाई कुणाच्याही घरी गेली की आधी दार हलवून बघायची आणि मगच आत पाऊल टाकायची.

ढोम्या एकवीस वर्षांचा झाला आणि एका सकाळी म्हणाला, "आई, मी निघालो."

"कुठे?"

"तपश्चर्येला."

धुंधराबाईच्या हातातलं लाटणं थांबलं. "नाही गेलास तर नाही का चालणार?"

"असं कसं? लोक काय म्हणतील? त्या पलीकडच्या टेकडीवरचा किरकिटासुर दोन वर्षांपूर्वीच गेला."

"आणि कुठाय तो आता?"

"मेला. पण गेला तरी!"

धुंधराबाईला रडू आलं. खरंच आलं. पण राक्षसीण रडली की नदीला पूर येतो आणि खालच्या गावांची भांडी वाहून जातात. म्हणून तिने नाक ओढलं, डोळे पुसले आणि चार पापड लाटून होईपर्यंत विचार केला.

"बरं, जा," ती म्हणाली. "पण एक कर बाळा. वर मागायची घाई करू नकोस. तुझ्या बापाने घाई केली. तू सगळं नीट लिहून काढ. आपल्याला काय काय मारू शकतं त्याची यादी कर. एकही पळवाट ठेवू नकोस. मी रोज डबा घेऊन येईन आणि मला सुचेल ते सांगत जाईन."

"आई, तू किती हुशार आहेस गं!" ढोम्या म्हणाला. त्याने तिला उचलून गरकन फिरवलं आणि एक भिंत पडली.

मुलांनो, तिच्या मनात काय होतं ते आलं का लक्षात? यादी पुरी झाली नाही तर वर नाही. वर नाही तर स्वारी नाही. स्वारी नाही तर मरण नाही. आणि जगात लेकराला मारू शकतील अशा गोष्टी किती असतात, हे फक्त आईला ठाऊक असतं. पोर नुसतं अंगणात गेलं तरी तिला पन्नास दिसतात.

ढोम्या कातळाच्या कडेला एका पायावर उभा राहिला. धुंधराबाई रोज डबा घेऊन जायची. पाटीवर डबा आणू नये असं लिहिलं होतं, कुणी आणून देऊ नये असं लिहिलं नव्हतं. पळवाटा अशाही असतात.

दोन महिने गेले. स्वर्गात प्रसन्न व्हायचं काम ज्याच्याकडे होतं, तो प्रसन्ननाथ नावाचा एक लहानसा देव कातळावर उतरला. चित्रात असतात तसाच होता. एक हात वर, एक पाय वाकवलेला, चेहऱ्यावर मंद हसू.

"वत्सा, मी प्रसन्न झालो आहे," तो म्हणाला. "अमरत्व सोडून हवा तो वर माग."

"थांबा हं," ढोम्या म्हणाला. त्याने पाय खाली टेकला, झाडामागून ताडपत्रांचा गठ्ठा काढला आणि लेखणीला टोक करायला घेतलं. "यादी व्हायची आहे अजून. तुम्ही बसा ना."

"बसता येत नाही."

"मग उभे राहा."

आता देवांचा एक नियम ऐका. एकदा 'वर माग' म्हटलं की वर दिल्याशिवाय परत जाता येत नाही. वर केलेला हात खाली घेता येत नाही. वाकवलेला पाय टेकता येत नाही. आजवर कधी अडचण आली नव्हती, कारण वर मागणारे सगळे उतावळे असत.

ढोम्याने पहिल्या दिवशी पाणी लिहिलं, आग लिहिली, वारा लिहिला, शस्त्रं लिहिली. 'दार' हा शब्द त्याने मोठ्या अक्षरात लिहिला. "झालं की!" तो म्हणाला.

तेवढ्यात धुंधराबाई डबा घेऊन आली. "वीज लिहिलीस का बाळा?"

"लिहिली."

"आणि विजेला घाबरून एखादं अस्वल तुझ्या अंगावर पडलं तर?"

ढोम्याने ते लिहिलं.

"कच्चा फणस लिहिलास? पिकलेला? आठळी घशात अडकली तर? फणस चुकवायला गेलास आणि पाय घसरला तर?"

ढोम्याने नवं ताडपत्र घेतलं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी ढोम्याला वाटायचं, संपलं. दुपारी आई यायची. उचकी. माशाचा काटा. ओल्या डोक्याने वाऱ्यात उभं राहणं. जेवल्या जेवल्या पोहणं. दुसऱ्याच्या गदेला आपण आपटणं. आपल्या गदेला दुसरा आपटून ती आपल्या पायावर पडणं. पायाकडे बघत असताना वरून काही पडणं. एक वर्ष गेलं, दोन गेली. प्रसन्ननाथाच्या चेहऱ्यावरचं मंद हसू तसंच होतं, पण आता ते जरा दुखत होतं.

वाळवीची राणी त्याच्या पायाशी येऊन अदबीने म्हणाली, "साहेब, आपण आहात ना अजून? पाया घालायचाय."

"घाला," प्रसन्ननाथ म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

धुंधराबाई कनवाळू होती. देवाचा उजवा हात अडकलेला पाहून ती स्वतःच त्याच्या तोंडात घास घालायची. एकदा तोंडातला पापड संपवून प्रसन्ननाथ हळूच म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही हे मुद्दाम करता ना?"

"तुम्हाला मुलंबाळं आहेत?"

"नाहीत."

"मग खा."

प्रसन्ननाथाने दुसरा पापड खाल्ला आणि पुन्हा म्हणाला, "मग तुम्हीच एखादा वर मागा ना. मला देता येतो. 'माझा मुलगा सुखरूप राहो' एवढं म्हणा."

धुंधराबाई दोन पावलं मागे सरकली. "नको देवा. आमच्या घरात वर मागितला की मागणारा जातो. मी आयुष्यात काही मागितलं नाही, म्हणून अजून पापड लाटतेय."

पाचव्या वर्षी यादी संपत आली होती. तेव्हा एका रात्रीत खालच्या गठ्ठ्याला मुंग्या लागल्या आणि दोनशे पानं गेली. मुंग्या ताडपत्र खात नाहीत, पण त्या पानांना गुळाचा हात लागलेला होता. कुणाचा ते मी सांगत नाही. ढोम्याने मुकाट्याने सगळं पुन्हा लिहिलं. स्वभावाने गरीब होता हो पोरगा. त्याला स्वर्गाशी तसं काही घेणंदेणंही नव्हतं. घराण्यातले सगळे गेले म्हणून जायचं होतं.

सातव्या वर्षी मात्र वर स्वर्गात गडबड उडाली. खाली कुणी घोर तप केलं की स्वर्गाच्या महाराजांचं सिंहासन तापतं, हे तुम्ही ऐकलं असेल. ते तापायला लागलं. महाराज उशी घेऊन बसू लागले. "बघा रे, कोण आहे तो," ते म्हणाले आणि त्यांनी दुसरा एक देव खाली पाठवला.

दुसरा देव कातळावर उतरला. समोर वारूळ. वारुळातून एक वर केलेला हात बाहेर आलेला. त्याने सवयीने डोळे मिटले, हात उंचावला आणि म्हणाला, "वत्सा, मी प्रसन्न झालो आहे. वर माग."

"अरे गाढवा, मी आहे, प्रसन्ननाथ!" वारुळातून आवाज आला.

पण शब्द तोंडून गेला होता. दुसऱ्या देवाचा हात वरच राहिला. तो हादरला आणि म्हणाला, "मग माग की लवकर! 'मला घरी जायचंय' म्हण. मी वर देतो आणि निदान मी तरी सुटतो."

प्रसन्ननाथाने तोंड उघडलं, आणि मिटलं. सात वर्षं तो ढोम्याची यादी ऐकत होता. त्याचा परिणाम झाल्याशिवाय कसा राहील? "थांब," तो म्हणाला. "'घरी' म्हणजे कुणाच्या घरी, हे स्पष्ट केलं पाहिजे. नाहीतर मी कासवाच्या घरी जाऊन पडेन. आणि 'जिवंत' हेही घालायला हवं. किती दिवसांत पोहोचायचं तेही. ढोम्या, मला एक ताडपत्र दे रे."

अशा रीतीने दुसरा देव अडकला. तो अडकला म्हणजे हलेना. हलेना म्हणजे त्याचंही तप सुरू झालं. सिंहासन आणखी तापलं. महाराजांनी तिसरा देव पाठवला. तिसऱ्यालाही डोळे मिटून बोलायची सवय. दुसरा त्याला म्हणाला, "थांब, मी पण नीट लिहूनच मागतो."

पुढचं तुम्हीच ओळखा. चौथा आला, पाचवा आला. गंधर्व आले, पहारेकरी आले, स्वयंपाकी आला. सगळे हात वर करून, एक पाय वाकवून उभे, आणि सगळे दुसऱ्या हाताने काहीतरी लिहिताहेत. वाळवीला चार वर्षं उसंत मिळाली नाही. शेवटी खुद्द महाराज रागारागाने खाली आले. "काय चाललंय इथे?" असं त्यांना विचारायचं होतं. पण जन्मभराची सवय. तोंडून निघालं, "प्रसन्न झालो आहे, वर माग."

त्या वर्षीचा उन्हाळा आला. धुंधराबाई एका हातात डबा आणि डोक्यावर पापडाच्या पिठाची परात घेऊन कातळावर आली, आणि जागच्या जागी थांबली. कातळभर देव. रोज डबा देताना कडेकडेने जाता यायचं, पण पापड घालायला तसूभरही जागा उरली नव्हती.

"अहो, जरा सरका की! पापड घालायचेत."

"सरकता येत नाही," सगळे एका सुरात म्हणाले.

ती काही बोलणार, तेवढ्यात ढोम्या गठ्ठ्यांच्या ढिगावरून उडी मारून खाली आला. डोक्यावरचे केस विरळ झाले होते, पण चेहरा लहान मुलासारखा फुलला होता.

"आई! यादी संपली!"

धुंधराबाईने डबा खाली टेकवला. "अशी कशी संपेल? हत्तीची शिंक?"

"पान चारशे बारा."

"दाट दह्यात बुडून?"

"त्याच्या मागच्याच पानावर."

"स्वप्नात पडून? हसता हसता ठसका लागून? कंटाळ्याने?"

"सगळं आहे. कंटाळा तर प्रसन्ननाथांनीच सुचवला."

धुंधराबाई आठवत राहिली. डोक्यावरची परात खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही. अकरा वर्षं तिने रोज एक नवं मरण शोधून आणलं होतं आणि त्यावर आपलं पोर जगवलं होतं. आज तिच्याकडे एकही उरलं नव्हतं.

"मग काय," ती शेवटी म्हणाली. "पण बाळा, देण्याघेण्यापूर्वी एकदा सगळं मोठ्याने वाचून दाखवावं. देवालाही कळायला हवं तो कशाला हो म्हणतोय. आणि मध्ये चुकलास तर पुन्हा पहिल्यापासून."

कातळावरून एक मोठा सुस्कारा निघाला. ढोम्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "पान एक. पाणी, थंड. पाणी, कोमट..."

"आणि माझ्या पापडांचं काय?" धुंधराबाई महाराजांकडे वळून म्हणाली. कुणावर तरी राग काढायलाच हवा होता.

महाराजांचा पाय आखडला होता. ते खेकसले, "ऊन हवं तर स्वर्गात जा! तिथे रग्गड आहे. दारही उघडंच आहे!"

दार म्हटल्यावर धुंधराबाईच्या कपाळावर आठी पडली. ते दार. वाचन संपलं की ढोम्या त्याच दारातून आत जाणार. तिने परात डोक्यावर नीट बसवली, लाटणं कमरेला खोचलं आणि ती निघाली.

स्वर्गाची वाट चांगली मळलेली होती. तिच्या घरच्या तीन पिढ्या त्या वाटेने गेल्या होत्या. परतीच्या पावलांचा एकही ठसा नव्हता.

थोडं वर गेल्यावर चिखल लागला. आजेसासऱ्यांचा चिखल तो हाच, हे तिने ओळखलं. तिने पदर खोचला, दगड आणून टाकले आणि तो बुजवून टाकला. पुढे फणसाचं झाड होतं. ती झाडावर चढली आणि तिने सगळे फणस उतरवले. दोन बरोबर घेतले. कच्चे होते, भाजीला बरे.

मग दार आलं.

"हेच का ते," ती म्हणाली. मग तिने ते हलवून बघितलं. बिजागरी अजून तशीच ढिली होती. इतक्या वर्षांत कुणाला दुरुस्त करावीशी वाटली नव्हती. तिला इतका संताप आला की तिने दोन्ही हातांनी ते दार उपसून काढलं आणि पाठीवर घेऊन आत शिरली.

"कुणी आहे का घरात?"

कुणीच नव्हतं. सगळीकडे हे एवढी धूळ. चार वर्षांत केरसुणी फिरली नव्हती. ऊन मात्र खरंच रग्गड होतं. धुंधराबाईने महालाच्या गच्चीवर दार आडवं टाकलं. छान सपाट होतं. तिने ते धुतलं, पुसलं, आणि त्याच्यावर पापड वाळत घातले. मग स्वर्ग झाडून काढला. दुसऱ्या दिवशी महाराजांच्या सिंहासनावर टेकायला गेली तर ते तव्यासारखं तापलेलं. तिने त्यावर एक वाळलेला पापड टाकून पाहिला. एका क्षणात फुलला. तेवढी एक वस्तू स्वर्गात कामाची आहे असं तिचं मत पडलं.

खाली ढोम्याचं वाचन नवव्या दिवशी संपलं. प्रसन्ननाथ वारूळ फोडून ओरडला, "तथास्तु! तथास्तु! तथास्तु!" खरं म्हणजे एकदाच पुरतं. मग त्याने स्वतःची यादी फेकून दिली आणि दुसऱ्या देवाकडे मागितलं, "मला तांब्याभर पाणी दे." ते मिळालं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाणी मागितलं, तिसऱ्याने चौथ्याकडे. अशा रीतीने सगळे देव घटकाभरात मोकळे झाले. हे आधीच्या चार वर्षांतही सुचायला हरकत नव्हती, पण सगळे लिहिण्यात गुंतले होते.

ढोम्या गदा खांद्यावर टाकून स्वर्गाकडे पळत सुटला. त्याच्या मागून सारे देव लंगडत लंगडत पळाले. चिखलाच्या जागी चिखल नव्हता. झाडाला फणस नव्हते. दाराच्या जागी नुसतीच मोकळी चौकट होती. "शरण या!" असं ओरडत ढोम्या आत घुसला.

"आधी पाय पूस," धुंधराबाई म्हणाली.

ढोम्याने पाय पुसले. "आई? तू इथे काय करतेस? आणि मी आता कुणाशी लढू?"

"कावळ्यांशी," ती म्हणाली. "ती काठी घे आणि गच्चीवर जा. सकाळपासून चार पापड नेले मेल्यांनी."

तेवढ्यात देव पोहोचले. "हा आमचा स्वर्ग आहे!" महाराज गरजले.

"मग झाडत का नाही तुम्ही?" धुंधराबाई म्हणाली.

महाराजांनी पळवाटांची पोथी मागवली. आजवर प्रत्येक राक्षसाला देवांनी ही पोथी बघूनच मारलं होतं. प्रसन्ननाथाने पानं उलटली, पुन्हा उलटली आणि तो खजील होऊन म्हणाला, "महाराज, या बाईंच्या नावावर काहीच नाही. त्यांनी कधी वरच मागितलेला नाही. वर नाही, त्यामुळे पळवाट नाही. आणि पळवाट नसलेल्याला कसं मारायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही."

"मग त्या पोराला मारा!"

देवांनी ढोम्याची यादी खालून आणवली आणि उघडली. सवय ती सवय. सगळे देव पानांवर तुटून पडले आणि तासाभरात त्यांना पळवाट सापडली. एकच राहिली होती. अकरा वर्षं, हजारो पानं, आणि एक ओळ राहिली होती.

"आईच्या हातून!" महाराज ओरडले. "आईच्या हातून मरण नको, हे लिहायचं हा विसरला!"

गच्चीवर ढोम्याच्या हातातली काठी गळून पडली. महाराजांनी आपली सगळ्यात धारदार तलवार काढली आणि मोठ्या अदबीने धुंधराबाईपुढे धरली. "घ्या बाई. हे काम आता फक्त तुम्हीच करू शकता."

धुंधराबाईने तलवार घेतली, धार बघितली, आणि कच्चा फणस चिरायला घेतला.

"ती ओळ मला पहिल्याच दिवशी सुचली होती," ती म्हणाली. "मुद्दाम नाही सांगितली. म्हटलं, पोराला थोडा धाक असावा." मग तिने वर बघितलं. "ढोम्या! कावळा! लक्ष कुठाय तुझं?" आणि गच्चीवर जाऊन तिने त्याच्या पाठीत एक लाटणं घातलं.

सगळे देव श्वास रोखून पुढे वाकले. ढोम्या "आई गं!" म्हणाला आणि पाठ चोळत कावळ्यामागे पळाला.

मुलांनो, तेव्हापासून धुंधराबाई स्वर्गातच आहे. ढोम्याही आहे. हत्तीच्या शिंकेपासून दाट दह्यापर्यंत त्याला कशाचंही भय नाही, आणि तो पापड राखतो. रोज एकदा त्याला लाटणं बसतं, आणि रोज देव आशेने बघतात.

देवांपुढे आता एकच उपाय उरलाय. धुंधराबाईने वर मागितला तर त्यात पळवाट निघेल. पण ती काही मागत नाही. म्हणून महाराज, प्रसन्ननाथ आणि बाकीचे सारे देव तिच्या स्वयंपाकघराबाहेर एका पायावर उभे आहेत. तिने काहीतरी मागावं म्हणून त्यांनी तपश्चर्या मांडलीय.

"बाई, मागा ना काहीतरी," महाराज काकुळतीने म्हणतात.

"काही नको देवा," ती म्हणते आणि त्यांच्या तोंडात पापडाचा तुकडा घालते. "तुम्ही खा."

परवा वाळवीची राणी वर जाऊन पोहोचली. तिने महाराजांच्या पायाशी अदबीने विचारलं, "साहेब, आपण आहात ना अजून?"

तात्पर्य : तपश्चर्येचं फळ हमखास मिळतं. फक्त ते तप करणाऱ्याला मिळत नाही, त्याचा डबा घेऊन येणाऱ्याला मिळतं.